येते म्हणा

१

खुर्ची बसणाऱ्याची चुगली करते. माझा धंदाच तो आहे. सोफे-खुर्च्या उसवायच्या, आतला फोम काढायचा, नवा भरायचा, वर कापड चढवायचं. गिऱ्हाईक सांगतं, "आमच्याकडे यावर कुणी बसतच नाही हो," आणि कापड फाडलं की आत हा एवढा खड्डा. कोण कडेला टेकतं, कोण पाय वर घेतं, कोण दुपारी तिथेच डुलक्या काढतं, सगळं मला कळतं. तोंडावर बोलत नाही, गिऱ्हाईक तुटतं.

म्हणून सासूबाईंसाठी वृद्धांची निवासं बघत हिंडायला लागले तेव्हा मी त्यांची रंगीत माहितीपत्रकं वाचली नाहीत. खुर्च्या बघितल्या. एका ठिकाणी सगळीकडे रेक्झिन होतं, ओल्या फडक्याने पुसायला सोपं. तिथे माणसांनाही तसंच पुसत असावेत. दुसरीकडे कापड उंची, पण एकाही खुर्चीला खड्डा नाही. म्हणजे म्हातारी माणसं दिवसभर खाटेवरच. आणि दोन्हीकडे भेटायला आलेलं चिटपाखरूही दिसलं नाही.

हे ठिकाण बसच्या शेवटच्या थांब्याच्या पलीकडे होतं. एकमजली पांढरी इमारत, पुढे हिरवळ, काचेचं दार. आत फिनेलचा वास नाही, औषधांचा नाही. मोठा दिवाणखाना, खिडक्यांतून ऊन आलेलं, आणि खुर्च्या जोडीजोडीने मांडलेल्या. जाड हिरवं कापड, शिवणीला नीट गोट घातलेला. प्रत्येक जोडीत एक म्हातारं माणूस आणि शेजारी भेटायला आलेलं कुणीतरी. मांडीवर पर्स घेतलेली एक बाई. बोटावर गाडीची किल्ली फिरवणारा एक गृहस्थ. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र लटकवलेली एक मुलगी, आजीचा हात हातात धरून. कामाच्या दिवशी, भरदुपारी! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. वाटलं, बाई गं, सापडलं एकदाचं.

तिथली व्यवस्था बघणारी बाई माझ्याच वयाची होती. बोलणं असं, की दर वाक्याला मधाचं बोट लावावं. मी मनातल्या मनात तिचं नाव साखरबाई ठेवलं.

"आमच्याकडे कुणी एकटं बसत नाही, ताई," ती म्हणाली. "आजींना घेऊन या. नुसत्या बघून जाऊ देत."

मी दाराच्या मुठीला हात घातला तशी ती म्हणाली, "येते म्हणा."

मी म्हणणारच होते. "येते हं."

"ये," दिवाणखान्यातून कुणीतरी म्हणालं. मग त्याच्या पलीकडून, "ये." मग आतल्या बोळातून. बायकांचे, पुरुषांचे, वेगवेगळे आवाज. एकाने दुसऱ्याच्या हातात भांडं द्यावं तसा तो शब्द आत आत जात राहिला. शेवटचा "ये" इतक्या लांबून आला, की एवढी लांब इमारत बाहेरून तर दिसली नव्हती, असं मला वाटून गेलं.

बसमध्ये बसल्यावर मी स्वतःलाच हसले. माणसं प्रेमाने बोलली तरी आपल्याला धास्ती वाटते, इतकी त्याची सवय गेलीय.

२

सासूबाई निघताना "जाते" म्हणतात. लग्नघरातून, आजाऱ्याच्या खाटेपासून, कुठूनही. "चला, जाते मी." समोरची बाई कानांवर हात ठेवते, "अहो, जाते काय? येते म्हणावं!" त्यावर यांचं ठरलेलं उत्तर, "कशाला? मला नाही यायचं परत. चहा पांचट होता." शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली, त्यातली गत. नातेवाइकांनी सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

माझं नेमकं उलटं. मी खाली दूध आणायला उतरताना सुद्धा "येते" म्हणते. माझा नवरा एका सकाळी "येतो गं" म्हणून कामावर निघाला आणि रस्त्यातच संपला. तेव्हापासून दुसरा शब्द माझ्या जिभेवर चढतच नाही. आपण "जाते" म्हटलं आणि तसंच झालं तर? वेडेपणा आहे, मला कळतं. पण भीती वाटते ती वाटतेच. सासूबाई त्या दिवशी इतकंच म्हणाल्या होत्या, "येतो म्हणून गेला." पुढे कधी त्या विषयावर बोलल्या नाहीत. त्यानंतर आम्ही दोघी एकत्र राहिलो, रोज भांडलो, आणि एकमेकींना सोडण्याचा विषय कधी काढला नाही.

त्या पडल्या नसत्या तर तो विषय आताही निघाला नसता. मी दुकानात होते. त्या न्हाणीघरात घसरल्या आणि मी संध्याकाळी कुलूप उघडेपर्यंत तशाच ओल्या फरशीवर पडून होत्या. मी किंचाळले. त्या म्हणाल्या, "ओरडून काय होणार? छताचे पोपडे निघालेत बघ. दिवसभर तेच मोजतेय." खुबा सांधला, काठी आली. पण दुकानात सुई धरली की माझ्या डोळ्यांपुढे ती ओली फरशी यायची. धाकटे भाऊजी परदेशातून फोनवर उंटावरून शेळ्या हाकत होतेच. "वहिनी, तुम्ही एकट्या कुठवर पुरणार? चांगली जागा बघा ना एखादी."

मला वाटलं होतं, सासूबाई घर डोक्यावर घेतील. त्या म्हणाल्या, "बघू या की. तुझ्याही जिवाचा घोर कमी होईल."

त्यांनी भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

३

आम्ही टॅक्सीने गेलो. ड्रायव्हरला फाटकाबाहेर थांबायला सांगितलं. साखरबाई दारातच उभी होती.

"येते म्हणालात, आलात!" ती मला म्हणाली. मग सासूबाईंना, "या आजी."

"आलेय. आता हात सोड, मी काठीने चालते."

दिवाणखान्यात तीच माणसं होती. पर्सवाली बाई त्याच खुर्चीत. किल्लीवाला गृहस्थ, किल्ली त्याच बोटावर. मी मनाला समजावलं, लोक ठरलेल्या वारीच भेटायला येतात, आणि मीही त्याच वारी आले होते. कपडे तेच होते, तर त्यात काय? मी तरी बाहेर जायचं म्हटलं की दुसरं काय घालते? ओळखपत्रवाल्या मुलीशेजारची खुर्ची मात्र आज रिकामी होती. मुलगी होती. तिचा हात त्या रिकाम्या खुर्चीच्या हातावर, कुणाचा तरी हात धरावा तसा ठेवलेला होता.

मग माझी नजर नको तिथे गेली. धंद्याची खोड. जोडीतल्या दोन खुर्च्यांत पाहुण्याच्या खुर्चीचा खड्डा जास्त खोल होता.

पाहुणा येतो, टेकतो, दोन शब्द बोलतो, उठतो. त्याच्या खुर्चीला खड्डा पडत नाही. मी एक जोडी बघितली, दुसरी बघितली, तिसरी. सगळीकडे तेच. खुर्च्यांची अदलाबदल करत असतील, असं मी स्वतःला सांगितलं. चांगली सवय आहे, फोम एकसारखा झिजतो. मी गिऱ्हाइकांना हेच सांगते.

४

खोली छान होती. खाट, कपाट, मोठी खिडकी, आणि खिडकीपाशी जोडीच्या दोन हिरव्या खुर्च्या.

सासूबाई एकीत बसल्या आणि लगेच कुरकुरल्या. "ढेकळात बसल्यासारखं वाटतंय. ही काही माझी खुर्ची नव्हे."

"होईल सवय, आजी," साखरबाई म्हणाली. "ताई, तुम्ही पण बसा ना."

मी दुसऱ्या खुर्चीकडे बघत होते. लहानपणापासून मी डावा पाय दुमडून, त्यावर बसते. आईचा मार खाल्ला तरी ती खोड गेली नाही. म्हणून माझी प्रत्येक खुर्ची डाव्या अंगाला मागून बसते. दुकानातली तशी, घरातली तशी. आणि बोलताना उजवा अंगठा मी कशावर तरी घासत राहते. या खुर्चीचा फोम डाव्या अंगाला, मागून दबलेला होता. उजव्या हाताच्या टोकाला कापडाची लव उडालेली होती, अंगठ्याएवढी. बाकी कापड कोरं करकरीत.

माझा अंगठा त्या वेळी पर्सच्या पट्ट्यावर फिरत होता. मी तो थांबवला.

अशा बसणाऱ्या बायका काय कमी आहेत जगात? मी बसून बघितलं. पाय आपोआप दुमडला आणि खड्ड्यात बरोबर बसला. अंगठा जिथे लव उडाली होती तिथे जाऊन टेकला. आणि काय सांगू, इतकं बरं वाटलं! कंबर, खांदे, मान, सगळं सुटत गेलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांना खुर्च्या करून दिल्या, पण अशी एकही मला जमली नव्हती. दुकानात अर्धवट उसवलेला सोफा पडलाय, टॅक्सी उभी आहे, हे आठवत होतं. पण कुणी तिसऱ्यानेच ते सांगावं इतकं लांबून.

सासूबाई खिडकीबाहेर बघत बोलत होत्या. "जागा वाईट नाही. ठेव मला इथे. तू किती म्हणून मरमर करशील? तू माझ्या पोटची असतीस तरी यापेक्षा जास्त केलं नसतंस."

जन्मात पहिल्यांदा त्या माझ्याशी असं बोलल्या. त्यावर मला रडू यायला हवं होतं, "नाही आई" म्हणायला हवं होतं. मला फक्त वाटलं, किती छान. त्या तिथे, मी इथे. रोज.

"दोघींनाही सवय होईल," साखरबाई म्हणाली.

"दोघींना?"

"तुम्ही भेटायला येणारच ना, ताई." ती चहा सांगायला गेली.

मी उठले. दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. "आई, आलेच," म्हटलं आणि दिवाणखान्याकडे गेले. मला कुणाशी तरी साधं, रोजचं बोलायचं होतं.

५

पर्सवाल्या बाईपाशी जाऊन मी हसले. "तुमच्या कोण या?"

"आई," ती म्हणाली. शेजारची म्हातारी खिडकीकडे तोंड करून शांत बसली होती.

"जागा कशी आहे? तुमचा अनुभव काय?"

"छान आहे ना. म्हणजे, मी बघायलाच आलेय. पसंत पडली तर आईला आणेन म्हणते."

मी म्हातारीकडे बघितलं. "पण आई इथेच आहेत ना तुमच्या?"

तिने मान वळवून बघितलं. चेहरा उजळला. "हो की!"

तिच्या मांडीवरची पर्स नकली चामड्याची होती. असली पर्स नुसती ठेवून दिली की काही वर्षांनी तिचे पापुद्रे सुटतात. हिचे सुटले होते. काळे काळे पापुद्रे तिच्या मांडीवर, कपड्यांच्या चुण्यांत, खुर्चीच्या खड्ड्यात साचले होते. आत नुसती जाळी उरली होती आणि त्या जाळीवर बाईची बोटं घट्ट, निघायच्या तयारीत असलेल्या माणसाची.

"मी आता निघणारच आहे," ती मला म्हणाली. "येते म्हणून सांगितलंय मी त्यांना."

"ये," तिची आई खिडकीकडे बघतच म्हणाली.

"आले," बाई म्हणाली. आणि जागची हलली नाही.

माझी अक्कल तिथवर आली आणि थांबली. पुढचं पायांनी ठरवलं. मी खोलीकडे धावले.

६

"आई, उठा. घरी."

"अगं, चहा येतोय ना?"

"घरी देते चहा. उठा."

माझं तोंड बघून त्यांनी काठी उचलली. आम्ही बोळातून, दिवाणखान्यातून काचेच्या दारापर्यंत आलो. साखरबाई ट्रे घेऊन तिथे उभी होती. दार तिने अडवलं नव्हतं. उलट थोडं उघडूनच धरलं होतं. बाहेर ऊन, फाटक, टॅक्सीचा पिवळा टप, सगळं दिसत होतं.

"निघालात? बरं. येते म्हणा."

शब्द तोंडातून निघूनच गेला. इतक्या वर्षांची सवय, विचार करायच्या आत. "येते."

"ये," दिवाणखाना म्हणाला.

मी दारातून पाऊल बाहेर टाकलं. टाकलं, हे मला पक्कं आठवतं. आणि मी खिडकीपाशी बसले होते. डावा पाय दुमडलेला. अंगठा लव उडालेल्या जागेवर. पर्स मांडीवर, बोटं तिच्यावर घट्ट. चालत आल्याचं काही आठवत नव्हतं. घाबरावं एवढं भानही उरलं नव्हतं. ऊन होतं, शांत होतं, मी आता निघणारच होते.

मग बोळातून काठी वाजायला लागली. ठक. थांबणं. ठक. न्हाणीघरापर्यंत सुद्धा माझा हात धरून जाणारी बाई भिंतीला धरत, धापा टाकत एकटी येत होती. दारात उभी राहिली.

"अगं ए! मला दारात उभी केलीस आणि इथे येऊन बसलीस? काय चाललंय काय?"

"येते," मी म्हटलं. मला वेगळंच काहीतरी म्हणायचं होतं.

"ये," भिंतीपलीकडून कुणीतरी म्हणालं. "ये," त्याच्याही पलीकडून.

सासूबाईंनी भिंतीकडे बघितलं. माझ्या दुमडलेल्या पायाकडे, खुर्चीकडे बघितलं. ज्या बाईला माझ्या धंद्यातलं ओ की ठो कळत नाही, तिने त्या खुर्चीकडे असं बघितलं, की घरात शिरलेल्या कुत्र्याकडे सुद्धा कुणी तसं बघणार नाही.

"तुम्ही पण बसा, आजी," साखरबाई मागून म्हणाली. "किती दमलात."

"दमले तर दमले. मी जाते."

पलीकडचे आवाज एकदम बंद झाले. फॅनचा आवाज तेवढा राहिला.

"असं म्हणू नये, आजी," साखरबाई म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात साखर नव्हती. "येते म्हणा."

"जन्मभर हेच ऐकत आलेय. तुझ्यासारख्या छप्पन्न बघितल्या मी. जाते म्हणजे जाते. आणि ही माझी सून आहे, तिला घेऊन जाते." त्यांनी काठी माझ्या खुर्चीच्या हातावर आपटली. "ऊठ. जाते म्हण."

"आई, नाही होत."

"का नाही होत?"

"तो..." मी म्हटलं.

त्या माझ्याजवळ आल्या. वाकल्या. त्या खुब्याने त्यांना किती दुखलं असेल, ते त्यांच्या ओठांवर दिसत होतं. "तो येतो म्हणून गेला," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा होता तो. त्या शब्दाने आणलं का त्याला परत? मग कशाला धरून बसलीस तो शब्द? मला इथे राहायचं नाही. घरी न्यायला तू पाहिजेस मला. म्हण."

जुन्या लाकडात रुतलेला खिळा पकडीने उपसताना आधी काहीच हलत नाही, मग लाकूड कण्हतं, तसं झालं माझ्या घशात.

"जाते," मी म्हटलं.

पायाला झणझणून मुंग्या आल्या. मी उठले. मागे वळून बघितलं तेव्हा खुर्चीतला खड्डा वर येत होता. हळूहळू, डाव्या अंगाने, कुणी आतून फुंकर घालावी तसा. सपाट होईपर्यंत मी बघत राहिले. मग सासूबाईंनी माझं मनगट पकडलं.

७

बोळ मघापेक्षा लांब झाला होता. मी ते त्यांना सांगितलं नाही. त्या लंगडत चालत होत्या आणि ज्या ज्या दारावरून गेलो त्या प्रत्येक दारात थांबून, लग्नाचं बोलावणं करावं तशा खणखणीत आवाजात सांगत होत्या, "जाते हो!" कुणी "ये" म्हटलं नाही. आतल्या जोड्या आमच्याकडे बघत होत्या. काहींचे ओठ हलत होते.

साखरबाई आमच्या बरोबरीने चालत होती. "येते म्हणा," ती पुटपुटत होती. "येते म्हणा. नुसतं म्हणायला काय जातं? येते म्हणा." काचेच्या दारापाशी ती आमच्या पुढ्यात आली.

"सरक," सासूबाई म्हणाल्या.

ती सरकली.

उन्हात पाय पडला तेव्हा मी आधी खाली बघितलं. खरंच फरशी होती, तिच्यावर माझीच चप्पल होती. मी मोठ्याने हसले. आणि तेवढ्यात मागून एक आवाज आला, नवीन अक्षर वाचणाऱ्या मुलासारखा चाचपडत. "जा... जाते?"

पर्सवाली बाई.

मग एक स्प्रिंग वाजली. जुन्या स्प्रिंगवरून वजन उठलं की ती सुटते तो आवाज मी झोपेतही ओळखेन. नंतर "जातो," आणि किल्लीची छुमछुम, आणि आणखी एक स्प्रिंग. "जाते." "जातो." "आई, चल, आपण जाऊ." मग मोजदाद राहिली नाही. दिवाणखान्यात, बोळात, त्या इमारतीत मावणार नाही इतक्या लांबपर्यंत स्प्रिंगा सुटत गेल्या. असला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. माझ्या अंगावर काटा आला, आणि मला नाचावंसं वाटलं.

मी पूर्ण वळून बघितलं नाही. दाराच्या काचेत दिसलं तेवढं दिसलं. उन्हात काळे पापुद्रे उडत होते, माणसं उठून उभी राहत होती, आणि त्यांच्या पायांमधून कुणीतरी ओणवं होऊन या खुर्चीकडून त्या खुर्चीकडे पळत होतं. वर येणारे खड्डे दोन्ही तळव्यांनी पुन्हा खाली दाबत होतं.

"झालं इतक्यात?" ड्रायव्हरने विचारलं. त्याची गाडी अजून वळवून व्हायची होती.

"चहासुद्धा दिला नाही मेल्यांनी," सासूबाई म्हणाल्या.

टॅक्सी बसच्या शेवटच्या थांब्यापाशी आली तेव्हा मी मागच्या काचेतून बघितलं. रस्त्याच्या कडेला तो गृहस्थ उभा होता. एका हाताने आपल्या म्हाताऱ्याला धरून दुसऱ्या हाताने रिकाम्या रस्त्याकडे किल्ली रोखत होता आणि गाडी दिसत नाही म्हणून हसत होता. सासूबाईंनी माझं मनगट घरी पोचेपर्यंत सोडलं नाही. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

८

आता सासूबाई दुकानात असतात. मागच्या बाजूला पडदा लावून खाट टाकली, सकाळी अंघोळ घालायला एक बाई येते, आणि पुढे काउंटरशेजारी त्यांची खुर्ची आहे. ती मी त्यांच्या अंगाबरोबर केली. तीनदा उसवायला लावली, तेव्हा कुठे "ठीक आहे" म्हणाल्या. भाऊजी फोनवर म्हणाले, "वहिनी, दुकानात? फोमच्या भुशात?" सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि त्यांना असं काही सुनावलं, की हल्ली ते नुसतं खुशालीच विचारतात.

मी जे गिऱ्हाइकाच्या तोंडावर बोलत नव्हते ते त्या बोलतात. "कुणी बसत नाही म्हणता? मग हा खड्डा काय उंदरांनी पाडला?" मला वाटलं, धंदा बुडाला. कुठलं काय, लोक ऐकायला येतात. दुपारी मला बाहेर मापं घ्यायला जायचं असलं की मी पर्स उचलते आणि म्हणते, "जाते, आई." अजून घसा जरा अडतो. त्या म्हणतात, "जा. आणि रेंगाळू नकोस."

गेल्या आठवड्यात ती आली.

मी सुईत दोरा ओवत होते. काउंटरवर हिरव्या कापडाचा तुकडा पडला. जाड, लव असलेला.

"बऱ्याच खुर्च्या आहेत, ताई," साखरबाई म्हणाली. "फोम पार वर आलाय. बसायला कुणी नसलं की असं होतं, नाही? पुन्हा माणसांच्या मापाच्या करून हव्यात. जोडीनेच."

माझा डावा पाय स्टुलावर दुमडला होता, तो मी खाली सोडला. "मला वेळ नाही," मी म्हटलं.

"घाई कुठाय? सवडीने करा." ती गोड हसली. कापड तिथेच ठेवून उंबऱ्यापर्यंत गेली. वळली. "येते हं."

आपल्यात याला एकच उत्तर असतं. ते शिकवावं लागत नाही, विचार करून द्यावं लागत नाही. "या" माझ्या ओठांवर आलाच होता, तोंड उघडलेलं होतं.

"जा," सासूबाई आपल्या खुर्चीतून म्हणाल्या.

साखरबाई एक पाय बाहेर, एक पाय आत, तशीच उभी राहिली. दुसरा शब्द कुणीतरी म्हणेल म्हणून तिने वाट बघितली. माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं आणि दोऱ्याला गाठ मारली. मग तिला जावंच लागलं.

सासूबाईंनी काठीने ते हिरवं कापड काउंटरवरून खाली ढकललं.

"आता चहा टाक," त्या म्हणाल्या. "पांचट करू नकोस."